वाघाचा उजेड

जावईबापूंना टॉर्चचं वेड आहे, याला सासूबाईंची हरकत नव्हती. पण ‘वाघ’ कंपनीखेरीज घरात काही नको म्हणून जावईबापूंनी सासऱ्यांच्या हातातला ‘गरुड’ टॉर्च चारचौघांत केरात टाकला, तेव्हा सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तो उचलून पुसून ठेवला.

आज टॉर्चवेडे मित्र जमले. दिवे घालवून जावईबापूंनी आपला लाडका वाघ समोरच्या गच्चीवर रोखला. “बघा! गरुडाला सात जन्मांत जमेल का?” टाळ्या पडल्या.

सासूबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला.

“जावईबापू, कातडं तेवढं वाघाचं. आतला गरुड मीच दुरुस्तीवाल्याकडून बसवून आणलाय. आता केरात काय टाकता, टॉर्च की जीभ?”