दारावर लावायचा फोटो

“आकाशाचे लाखभर फोटो आहेत तुमच्याकडे, दाजी. बायकोचा एक नाही?”

राडकाने बहिणीचं ओळखपत्र टेबलावर आपटलं. स्टोयनाला जाऊन महिना उलटला होता. दारावर चिकटवलेल्या निधनाच्या कागदावर याच ओळखपत्रावरचा फोटो होता, पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. आता चाळिसाव्या दिवसाच्या विधीला नवा कागद हवा. दारावर, फाटकावर, पावाच्या दुकानासमोरच्या खांबावर. गाव जाता-येता तो चेहरा बघतं आणि माणूस तसाच लक्षात राहतो. छापखाना संध्याकाळी बंद होणार होता.

“बघतो,” रांगेल म्हणाला.

“बघा. मी विधीचा गहू उकडायला ठेवते.” स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली. “एक विचारू? तिला शेवटची अंघोळ आम्ही बायकांनी घातली. नडग्या नुसत्या काळ्यानिळ्या. गुडघ्यांवर जुने वण. कुठे धडपडायची ती?”

“वय झालं होतं तिचं.”

“माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी होती,” राडका म्हणाली आणि आत गेली.

रांगेलने थर्मासमधून चहा ओतला. सकाळी केलेला डोंगरी चहा दुपारीच कोमट झाला होता. ती होती तेव्हा याच थर्मासमधला चहा जीभ भाजायचा. माणूस गेलं की वस्तूही मान टाकतात, असं त्याला वाटलं.

त्याने संगणक उघडला. माणसांचे फोटो त्याने कधी काढलेच नव्हते. स्टोयना एकदा म्हणाली होती, “माझा एक काढ की.” तेव्हा तो म्हणाला होता, “आकाशासाठीच्या या कॅमेऱ्यात माणसं लालभडक येतात. आणि एकदा जुळवलेली दुर्बीण हलवायची नसते.” मग तिने पुन्हा विचारलं नाही.

बटाट्याच्या शेताच्या वर, उतारावर, त्याची लाकडी खोली होती. तिथून तो अंधूक दीर्घिका टिपायचा. त्यांचा उजेड इतका क्षीण की एका फोटोत काहीच दिसत नाही. असे शेकडो फोटो हिवाळ्यामागून हिवाळे जमवायचे, एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे एक धुरकट डाग वर येतो. त्यात एक नासका आंबा अढी नासवतो. म्हणून खराब फोटो वेगळे काढावे लागतात. पण आकाशाचे फोटो काढणाऱ्यांची जातच चिकट, टाकवत काही नाही. रांगेल प्रत्येक खराब फोटोला दोषाचं नाव देऊन ठेवायचा. ढग. दव. वारा. विमान.

काही सुचेना, तेव्हा त्याने शोधायच्या चौकोनात नुसतं तिचं नाव लिहिलं.

पडदा भरून गेला. स्टोयना, स्टोयना, स्टोयना. शेकडो फोटो. हिने चोरून स्वतःचे काढून ठेवले की काय!

त्याने पहिला उघडला. पांढरं धुकं. दुसरा उघडला. खालच्या कोपऱ्यातून उजेड पसरलेला, तारे बुडालेले. तिसराही तसाच. मग त्याला आठवलं. ढग, दव, वारा, विमान आणि स्टोयना. मध्यरात्री ती चहा घेऊन वर यायची. तिच्या बॅटरीचा उजेड दुर्बिणीत शिरायचा आणि तो फोटो तिच्या नावावर जमा व्हायचा.

शेवटचा फोटो ज्या रात्रीचा होता, त्या रात्री तो तिच्यावर ओरडला होता. “तुझ्या त्या दिव्यापायी माझी रात्र मातीत गेली! पुन्हा बॅटरी घेऊन वर यायचं नाही!”

त्यानंतर तिचं नाव कुठेच नव्हतं. पुढचे सगळे हिवाळे स्वच्छ. त्याच हिवाळ्यांत ती दीर्घिका उमटली, सोफिया शहरातल्या प्रदर्शनात पहिली आली. आकाश इतकं काळं कसं मिळालं, असं लोकांनी विचारलं. जागा चांगली आहे, असं तो म्हणाला होता.

थर्मास मात्र रोज खोलीच्या दाराशी असायचा. दिवस मावळायच्या आत ठेवून जात असेल, असं तो धरून चालला होता. पहाटेही चहा कढत लागायचा. थर्मास चांगला आहे, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं होतं.

रांगेलने कपातल्या कोमट चहाकडे पाहिलं. ती पायवाट त्याच्या डोळ्यांपुढे आली. निसटते दगड, आलुबुखाराच्या वर आलेल्या मुळ्या, बांधावरची मोडकी पायरी. तो स्वतः तिथून कधीच दिव्याशिवाय चालला नव्हता. त्याला लाज वाटली. इतकी की राडका येऊन मागे उभी राहिली तरी त्याला मान वळवता आली नाही.

“सापडला?”

त्याने पडद्यावरच्या शेवटच्या फोटोकडे बोट दाखवलं. “हा दे छापायला.”

राडका वाकून बघत राहिली. “यात कोण आहे? नुसता उजेड आहे, दाजी. वाया गेलाय फोटो.”

“यात ती दिसते तरी,” रांगेल म्हणाला. “पुढच्या सगळ्यांत मी तिला अंधारात चालवलंय.”