ठोक्याला ठोका

"गप्प!" मुकादम ओरडला, आणि सगळी टोळी हातातली घमेली धरून जागच्या जागी थांबली.

त्याने पाण्याच्या पाइपाला कान लावला. डोंगरातून पायी जायचं जुनं भुयार त्या दिवशी सकाळी मध्यावर कोसळलं होतं, आणि दिवे बघायला आत गेलेला त्याचा धाकटा भाऊ परत आला नव्हता. या भावाला सगळे काजवा म्हणत. भुयारातला एकूण एक दिवा तो सांभाळायचा, पण घरातला दिवा विझवायचं त्याच्या कधी लक्षात राहायचं नाही, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मुकादमाने हातोडीने पाइपावर तीन ठोके दिले. बराच वेळ काहीच नाही. त्याने पुन्हा तीन दिले.

मग पाइपातून तीन ठोके परत आले. बारीक, पण स्वच्छ.

"जिवंत आहे!" मुकादम मटकन खाली बसला. एवढा दांडगा माणूस, पण पोरासारखा ढसाढसा रडला. काजव्याच्या बायकोला घरात सगळे धाकटी म्हणत. हसावं की रडावं हे तिला कळेना, म्हणून तिने शेजारी उभ्या असलेल्या टेकूच्या पाठीत एक धपाटा घातला. टेकू टोळीत छताला लाकडं लावायचा. त्याने तो धपाटा आनंदाने सोसला.

मुकादमाचा जन्म रेल्वेचे बोगदे खणण्यात गेला होता. बोगद्यावरच्या माणसांची एक रीत होती. दरड आली की ओरडून श्वास घालवायचा नाही. लोखंडावर ठोकायचं, आणि जेवढे ठोके ऐकू येतील तेवढेच परत द्यायचे. म्हणजे पलीकडचा माणूस शुद्धीवर आहे हे समजतं. त्या डोंगरात घरटी एक तरी माणूस बोगद्यावर कामाला असल्यामुळे ही रीत पोराटोरांनाही पाठ होती.

बाहेरून मदत येण्यासारखी नव्हती. घाटाचा रस्ता त्याच दरडीखाली गेला होता, आणि भुयारातून जाणारी फोनची तार तुटली होती. जे करायचं ते फावड्यांनीच करायचं होतं. सगळे इरेला पेटले. टेकू लाकूड ठोकायचा, दोघे खणायचे, बाकीचे घमेली पुढेमागे द्यायचे.

ढिगारा थोडा मागे हटला तशी उजव्या भिंतीतल्या कोनाड्याची कड दिसली. काजवा तेल, वाती आणि काचा तिथे ठेवायचा. कोनाड्याचं तोंड दगडांनी गच्च भरलं होतं.

"दादा, ते न्याहारीला याच कोनाड्यात बसतात," धाकटी म्हणाली. "आधी हा उकरून बघू या ना."

"पाइप कुठे आहे?"

"डाव्या भिंतीला."

"मग ठोकणारा माणूस पाइपापाशी असेल की कोनाड्यात?"

"तसं नाही, पण मला आपलं वाटतं..."

"कोनाडा उकरायला संध्याकाळ होईल, बाई. तेवढी हवा पुरायची नाही त्याला." मुकादमाने पाइपावर दोन ठोके दिले. लगेच दोन परत आले. "ऐकलंस? इथून तिथवर हात पोचतो का त्याचा?"

"हात नाही, त्या बडबड्याची जीभ पोचेल," टेकू म्हणाला. सगळे हसले. धाकटीलाही हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या छातीवरचं ओझं जरा हलकं झालं.

माती थेट भुयाराच्या तोंडापर्यंत नेऊन टाकण्यात फार वेळ जात होता. मग मुकादमाने ती कोनाड्यापुढेच ओतायला सांगितली. पहिलं घमेलं धाकटीनेच ओतलं. कुणीतरी कोनाड्याकडे तोंड करून काजव्याला हाक मारायला लागलं, तर तिनेच त्याला दटावलं.

"ओरडू नका हो. ठोके ऐकू येत नाहीत."

दुपार कलली तसे ठोके मंदावले. एरवी टोळीला शिव्यांनी हाकणारा तो माणूस आता नुसता "चला रे, चला माझ्या राजांनो" म्हणत होता. त्याच्या तळहाताची सालं निघाली होती, आणि हातोडीचा दांडा ओला झाला होता.

मग पाइप आपणहून वाजला. कुणी काही विचारलेलं नसताना पलीकडून पाच ठोके आले.

"आता तोच आपल्याला हाक मारतोय!" मुकादम ओरडला आणि त्याने पाचांना पाच दिले. टोळीला नवा जोर चढला. फावडी बाजूला टाकून माणसं हातांनी दगड ओढायला लागली.

शेवटी समोरचा एक दगड कुणी न ढकलता हलला. मागे सरकला आणि नाहीसा झाला. फटीतून पिवळा उजेड आला.

"दिवा आहे! दिवा आहे त्यांच्याजवळ!" धाकटीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

फटीतून चिखलाने माखलेला एक हात बाहेर आला. मुकादमाने तो दोन्ही हातांत घट्ट धरला. हात गरम होता. त्याने तो गालाला लावला.

"अहो, लागलंय का कुठे?" धाकटीने त्याच्या खांद्यावरून ओणवून विचारलं. "बोला ना काहीतरी!"

"धीर सोडू नका, ताई!" पलीकडून एक दमलेला, अनोळखी आवाज आनंदाने ओरडला. "नळाचं पाणी बंद झालं म्हणून बघायला आलो, तर तुमचे ठोके ऐकू आले. तेव्हापासून आमचं अख्खं गाव तुम्हाला सोडवायला खणतंय. सांगा, आत किती जण अडकलात?"