वरिष्ठांआधी निघू नये

काम केव्हाच संपले होते. तरी अच्युत खुर्चीत चुळबुळत होता. साहेबांआधी कचेरी सोडू नये, ही नाशिकच्या कारखान्यात अंगी मुरलेली रीत त्याने जर्मनीतही जपली होती. नोकरी अजून कायम व्हायची होती. काचेपलीकडे त्याच्या वरिष्ठ बाई येरझारा घालत होत्या.

अखेर त्या तरातरा आल्या. "तुम्हाला घरदार आहे की नाही?"

"आपण निघालात की मीही निघतोच, बाई."

"अहो, मी तुमच्यामुळेच अडकले आहे! ठरल्या तासांपुढे कुणी कामावर दिसले, तर कायदा मला जबाबदार धरतो. तिकडे पाळणाघर बंद होतंय, लेक माझी वाट पाहतेय."

अच्युत ओशाळून उठला, धावत जाऊन दार उघडून अदबीने बाजूला उभा राहिला. "आधी आपण."

बाईंनी त्याच्या पाठीला हात लावून त्याला बाहेर ढकलले.