लिफ्टमधली घंटा

पोरं उगाच लिफ्टमधली धोक्याची घंटा वाजवतात, म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी सकाळी स्वतः पक्कड घेऊन तिची वायर तोडली. "आता वाजवा म्हणावं!" सोसायटीत अक्कल काय ती यांनाच, त्यामुळे कुणी तोंड उघडलं नाही.

दुपारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली.

"आत कुणी नाही ना हो?" शेजारणीनं विचारलं.

"असतं तर घंटा नसती वाजवली?" साहेब खेकसले आणि मेकॅनिकला फोनवर म्हणाले, "उद्या ये सावकाश. मरत नाही कुणी."

जिने चढत, लिफ्टला शिव्या घालत ते घरी पोचले. सुनेनं दार उघडलं आणि त्यांच्या मागे डोकावून पाहिलं.

"बाबा, एकटेच? आई मघाशीच लिफ्टनं खाली गेल्यात, तुम्हाला जेवायला बोलवायला."