दंडावरचा डाग

आप्पासाहेबांनी सदऱ्याची बाही झटकन खाली ओढली, पण पंढरीनं पाहायचं ते पाहून घेतलं होतं. दंडावर वांग्याच्या रंगाचा डाग होता, चांगला तळहाताएवढा.

"काय वो आप्पासाहेब, वैनीनं हाणलं का काय?"

हॉटेलात हशा पिकला. पंढरीच्या हॉटेलात सकाळी निघालेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या लोहा गावात होते. आप्पासाहेबही हसले आणि चहा अर्धाच टाकून उठले.

खरं सांगायला काय जात होतं? मागच्या महिन्यात त्यांचा उजवा हात घटकाभर लुळा पडला आणि आपोआप सुधारला. नांदेडच्या डॉक्टर बुद्धप्रिया यांनी मानेची तपासणी करून बजावलं होतं, "काका, मेंदूकडं जाणाऱ्या नसेत चरबीचा थर साचलाय. तो तडकला की रक्ताला वाटतं जखम झाली. मग रक्तातल्या प्लेटलेट धावत येतात, एकमेकींना चिकटतात आणि गुठळी होते. ती मेंदूत अडकली की वाचा गेली, हातपाय गेले. ही गोळी थर काढत नाही, पण प्लेटलेटना चिकटू देत नाही. म्हणून जरा कुठं आदळलं तरी अंगावर निळं पडेल. पडू द्या. मला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही."

पण सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. आजारी बैल बाजारात कुणी घेत नाही, तिथं आजारी चेअरमन कोण घेणार? गोळीचं नाव काढावं, तर 'आप्पासाहेब आता गेल्यातच जमा' म्हणून बोंब. न काढावं, तर बायकोचा मार. इकडे आड, तिकडे विहीर. आप्पासाहेब पडले शहाणे. त्यांनी टोपी सांभाळत आडात उडी घेतली, म्हणजे डागच नकोत म्हणून गोळी बंद केली.

त्यांच्या बायकोनं, तारामतीबाईंनी, आठवड्यानं पाकीट उचलून पाहिलं. "गोळ्या तशाच हायत की वो!"

"चार लोकांत इज्जत हाय माझी."

"इज्जत ऱ्हाईल. तुमी ऱ्हायला पायजे न्हवं?" बाई रडकुंडीला आली. आप्पासाहेबांनी रेडिओ मोठा केला.

हळूहळू डाग गेले. आप्पासाहेब बाह्या पार खांद्यापर्यंत दुमडून प्रचाराला हिंडू लागले. गरज नसताना दंड खाजवून दाखवू लागले.

मतदान दोन दिवसांवर आलं असताना सकाळी तोंड धुता धुता त्यांच्या हातून तांब्या निसटला. उचलायला गेले तर हात हलेना. हाक मारायला गेले तर जीभ वळेना. तारामतीबाईंनी क्षण न घालवता शेजाऱ्याची जीप काढायला लावली आणि नांदेड गाठलं, म्हणून जीव वाचला. वाचा मात्र गेली ती गेलीच.

घरी आणल्यावर भेटायला अख्खं गाव लोटलं. आप्पासाहेब खाटेवर टेकून बसले होते. तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. तारामतीबाई पदरानं त्यांच्या ओठाकडची लाळ पुसत होत्या. पंढरीला पाहताच आप्पासाहेबांचे डोळे भरले. आता त्यांना सगळं सांगून टाकायचं होतं, डाग, गोळी, सगळं. तोंडातून नुसतं "गो... गो..." निघालं.

पंढरीनं वाकडं तोंड नीट न्याहाळलं, लुळ्या हाताकडं पाहिलं आणि शेजारच्याच्या कानाला लागला.

"म्या तवाच म्हनलं हुतं. बाईचा हात लई जड हाय."