आत्याचा मान

पाळण्यात बाळ मूठ चोखत होतं आणि त्याच्या कानात नाव सांगायला आत्याच नव्हती. असणार कुठून? बाळाच्या दोघीही आयाच. अमलाचं स्त्रीबीज आणि नीरजाच्या त्वचेच्या पेशीपासून प्रयोगशाळेत घडवलेला शुक्राणू, यांतून ही दोघींची लेक जन्मली होती.

“बाप नाही, मग आत्या कुठली?” नीरजाची म्हातारी कुमुदआत्या बोललीच. “पोरीला न विचारता प्रयोग केलात. उद्या तिनं जाब विचारला तर?”

नीरजाचा चेहरा उतरला. तिची थोरली बहीण शर्वाणी मात्र पदर खोचून पाळण्याशी आली. “विचारू दे. खरं तेच सांगू, की पोरी, सगळं नवीन होतं, जिवाला घोर होता, तरी तू आम्हाला हवी होतीस. माझ्या जन्माआधी कुणी एवढा विचार केला होता का गं, आत्या? आणि हिच्या हनुवटीवरची खळी कुणाची, ते तूच बघ.”

मग वाकून, बाळाच्या कानात कुर्रर्र करून शर्वाणीनं नाव सांगितलं आणि ती तशीच वाकून राहिली. आता बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, तोच आत्याचा मान. पण एकही हात उठेना. तरी ती हलली नाही.

एवढ्यात असा सणसणीत धपाटा बसला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नीरजाच्या बारशाला असाच मार खाल्लेली कुमुदआत्या, हनुवटीवरच्या तश्शाच खळीसकट, बायकांवर कडाडली, “बघत काय बसलात? आत्या आहे ती! घाला की!”