तळव्यावरची तीट

हर्षलाचं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं होतं, जेमतेम नऊशे ग्रॅमचं. त्याच्या पायाला बांधलेली पट्टी तळव्यातून रक्त वाचायची आणि जंतुसंसर्गाची चाहूल लागली की तिच्यावरचा हिरवा दिवा लाल व्हायचा. अशा पट्ट्या आल्यापासून वॉर्डातल्या बाळांना सुया टोचणं थांबलं होतं, आणि त्यांच्याकडे निरखून बघणंही.

आज सकाळपासून बाळ मलूल होतं.

"सिस्टर, याच्या अंगात त्राणच नाही हो."

"दिवा हिरवा आहे ना? मग झोपलंय ते. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका, ताई," लोखंडे सिस्टर लांबूनच म्हणाल्या.

हर्षलाने पाय हातात घेतला. तो गार लागला, आणि तिची नजर पट्टीच्या कडेशी दिसणाऱ्या काळ्या डागाकडे गेली. दृष्ट लागू नये म्हणून तिनेच पट्टी जराशी सरकवून तळव्याला काजळाची तीट लावली होती. काजळाआडून पट्टीला काहीच दिसत नव्हतं; ती जुनाच हिरवा दिवा दाखवत बसली होती.

पट्टी सरकवून तिने अंगठ्याने काजळ पुसलं आणि पट्टी पुन्हा नीट बसवली. दिवा लाल झाला.

सिस्टर धावत आल्या. "तीट? कधी लावलीत?"

"काल दिवेलागणीला."

घड्याळात दुपारचे बारा वाजून गेले होते. डॉक्टरांना हाका मारत सिस्टर कितीतरी वर्षांनी एका बाळावर वाकल्या आणि त्याचे श्वास मोजू लागल्या. दोनदा त्यांची मोजणी चुकली.